छान म्हणायचं नाही

शुक्रवारी आमच्या घरात सगळ्यात आधी जाग मला यायची आणि सगळ्यात आधी कंटाळाही मलाच यायचा. आखातातल्या वादी कबीरमधला तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या शेडी आणि पाठीमागे लगेच डोंगर, इतका जवळ की स्वयंपाकघराच्या खिडकीतून आभाळ बघायचं तर मान वाकडी करावी लागे. आठवडाभर शेडींमधून पत्रा ठोकल्याचे आवाज यायचे, त्यांचा मला राग यायचा. शुक्रवारी ते बंद असायचे, तर त्या शांततेचाही राग यायचा. मी बारावीत होते. त्या वयात राग यायला कारण लागत नाही हे मला आता कळतं. आईला ते तेव्हाच कळलेलं होतं, म्हणून ती मला कामाला लावायची. बाबांनी आदल्या दिवशी मवालेहच्या मंडईतून आणलेली भाजी निवडायची, सुरमईचे तुकडे धुऊन हळद-मीठ लावून ठेवायचे, कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष द्यायचं. शिट्ट्या मी कधीच नीट मोजल्या नाहीत. भाताचा पार गिचका व्हायचा आणि आई म्हणायची, हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.

लक्ष असायचं ते बाबा गाडीची किल्ली कधी उचलतात ह्याच्याकडे. तिकडे गाडीशिवायचा माणूस म्हणजे घरातलं कपाट. कुणी हलवलं तरच हलणार. शाळेला बस, क्लासला कुणाच्या तरी पप्पांची गाडी, बाकी सगळीकडे बाबा. मला उठून चालत कुठेतरी निघून जावंसं वाटायचं, पण चालत जाण्यासारखं होतं काय, तर इमारतीखालचं ग्रोसरीचं दुकान. तिथला केरळी अंकल ‘क्या चाहिए बेटी’ म्हणून विचारायचा, मग काहीतरी घ्यावंच लागायचं. मी खोडरबर घ्यायची. त्या वर्षी माझ्याकडे खोडरबरांचा नुसता ढीग झाला होता. मैत्रिणी कोचिंगच्या गोष्टी करत, मी हो हो म्हणे आणि वहीच्या मागच्या पानावर त्यांची नाकं काढत बसे.

दहाच्या सुमाराला बाबा किल्ली उचलत आणि मला मदिनत सुलतान काबूसला सबनीस काकांच्या घरी सोडत. सबनीस काका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, पण आम्हाला त्यांच्या बँकेशी काही घेणंदेणं नव्हतं. ते जलरंगात होड्या काढायचे. नुसत्या होड्या. त्यांचा तो चित्रांचा गट कसा सुरू झाला ह्याची कथा ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत, आणि मीही ती पुन्हा पुन्हा ऐकली आहे. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये हौशी लोकांच्या चित्रांचं प्रदर्शन असायचं. एका वर्षी काकांची होडी कुणीतरी उलटी टांगली, म्हणजे पाण्यातली सावली वर आणि होडी खाली. विसर्जनापर्यंत ती तशीच राहिली. सगळे आले, चित्रासमोर उभे राहिले आणि छान म्हणून प्रसाद घेऊन पुढे गेले. परक्या मुलखात आपली अशी माणसं किती, कशाला कुणाच्या मनातून उतरा, असा तो सगळा हिशेब. काकांना म्हणे त्या रात्री जेवण गेलं नाही. मग त्यांनी आपल्या हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला आणि चार माणसांना बोलावलं.

तिथला पहिला नियम असा की पूर्ण झालेलं चित्र आणायचं नाही. पूर्ण झालेल्या चित्राला लोक फक्त बरं म्हणतात, काका सांगायचे, अर्धवट असेल तर त्यांचे हात शिवशिवतात. दुसरा नियम, ज्याचं चित्र त्याने तोंड उघडायचं नाही. आणि तिसरा, छान म्हणायचं नाही. जो म्हणेल त्याने सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. चित्र टेबलावर ठेवलं की प्रत्येकाने त्याच्यावर बटर पेपर पसरायचा, आणि जे खटकतं ते बोलायचं नाही, त्या पातळ कागदावर पेन्सिलीने काढून दाखवायचं. हात लांब झालाय, तर योग्य तिथे कोपर काढायचं. सावली चुकली, तर ती पडायला हवी तिथे चार रेघा ओढायच्या. मूळ चित्राला धक्का लागत नसे आणि चित्र काढणाऱ्याला घरी जाऊन कागद एकेक करून चित्रावर ठेवून बघता येई. हे बटर पेपर बाबांच्या ऑफिसातले. बाबा मोठ्या इमारतींच्या एसीच्या डक्टची ड्रॉइंग तपासायचे. तिथे सगळं कॉम्प्युटरवर आल्यापासून कागदाची भेंडोळी धूळ खात पडली होती, आणि त्यांच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, ‘खलास, घेऊन जा’ म्हणून ती देऊन टाकली होती.

गटात माझ्या वयाचं दुसरं कुणी नव्हतं. एक होते दातांचे डॉक्टर, ठाण्याचे. ते ओळखीच्या लोकांचे चेहरे काढत आणि त्यांची सगळी माणसं तोंड उघडून हसत असत. दुसऱ्या मार्था आंटी, वसईच्या, एका हॉटेलात रिसेप्शनला होत्या. त्या रात्रपाळी संपवून कधी कधी युनिफॉर्मवरच येत आणि पर्समधून लॉबीत ताटकळलेल्या पाहुण्यांची झटपट काढलेली चित्रं बाहेर काढत. बॅगेवर बसून झोपलेला माणूस, चावी मिळेना म्हणून नवऱ्याकडे बघणारी बाई. मला त्यांच्या कागदांची धास्ती वाटायची. बाकीचे लोक पुष्कळ काढत, आंटी एकच रेघ काढत, आणि ती रेघ बघून मला तिथून पळून जावंसं वाटे. तरी पुढच्या शुक्रवारी आपली मीच किल्लीकडे डोळे लावून बसलेली.

आता माझी बरीच वर्षं पुस्तकांसाठी चित्रं काढण्यात गेली आहेत, बसून बसून गुडघे दुखतात, आणि तरुण मुलं मला त्यांची कामं फोनवर पाठवतात. सगळी पूर्ण, चकचकीत, सही केलेली. ‘मॅम, प्लीज ऑनेस्ट फीडबॅक द्या’ असं खाली लिहिलेलं असतं. मी दिला की दोन दिवस उत्तर येत नाही. मला त्यांचा राग येत नाही, पण वाटतं, ह्यांना कुणीतरी सोफा भिंतीला सरकवून बसवायला हवं होतं.

तर त्या वर्षी प्रश्न माझ्या पुढच्या शिक्षणाचा होता. बारावीनंतर तिकडची बहुतेक मुलं भारतात जात, आणि बहुतेक इंजिनिअरिंगला. मला पुण्याला चित्रकला शिकायला जायचं होतं. हे मी बाबांना एकदा जेवताना सांगितलं, आणि बाबा रागावले नाहीत हीच पंचाईत झाली. रागावले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे आमटी-भात कालवत म्हणाले, मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, ज्यांना कळतं त्यांना विचारू. सबनीस आणि त्यांच्या लोकांनी सांगितलं की पोरीत दम आहे, तर जा, नाहीतर विषय बंद. आई वाढत होती. तिने मला न विचारता आणखी भात वाढला.

माझं त्या वेळचं चित्र आईचंच होतं. डायनिंग टेबलाशी बसून मेथी निवडणारी आई, अर्ध्या इम्पीरियल कागदावर, पेन्सिल आणि थोडे जलरंग. आई निवांत अशी कधी बसायचीच नाही. मेथी निवडताना ती उठून गॅस बारीक करी, ट्यूशनच्या मुलांना पाढे म्हणायला लावी, दार उघडी, पुन्हा बसे. मी फोनवर फोटो काढून ठेवले होते आणि ते जोडून जोडून चित्र पुढे नेत होते. तो महिना मी घरात भूत लागल्यासारखी फिरत होते. बाल्कनीत जायचं, उन्हाचा चटका बसला की आत यायचं, चित्र उलटं करून बघायचं, आरशात बघायचं, परत बाल्कनीत. एसीच्या घरघरीत मला झोप लागत नसे, आणि कुणी काही विचारलं की मी खेकसायची.

ज्या शुक्रवारी त्या चित्रावरून निकाल लागायचा होता त्या दिवशी बाबा मला सोडून परत गेले नाहीत, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आत आले. त्यांनी काकांना आधी फोन करून सगळं सांगितलेलं होतं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. चित्र टेबलावर ठेवलं. काकांनी बटर पेपर पसरला, चष्मा वर-खाली केला, पेन्सिल हातात घेतली आणि खाली ठेवली. डॉक्टरांनी कागद पसरला, कपाळ खाजवलं आणि कागद तसाच काढून बाजूला ठेवला. मी आंटींकडे बघत होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनीही कागदाला पेन्सिल लावली नाही. मग काका घसा साफ करून बाबांना म्हणाले, पोरीचा हात चांगला आहे, पाठवा तिला. डॉक्टर म्हणाले, अगदी. सगळ्यांनी चहा घेतला.

बाबांनी ते कोरे कागद मागून घेतले, नीट गुंडाळले आणि रबर लावलं. घरी येईपर्यंत ते स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होते. एकही खूण नाही, एकही नाही, असं त्यांनी आईला दारातच सांगितलं, मग डोंबिवलीला आत्याला फोन लावून सांगितलं. आईने शिरा केला. मी तो खाल्ला, दुसऱ्यांदा मागूनही घेतला, पण बाबांकडे बघायचं टाळलं. कारण बाबांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. सबनीस काकांच्या घरात कोरा कागद कधी कुणाला मिळालाच नव्हता. काकांच्या सगळ्यात सुंदर होडीवरसुद्धा आंटींनी रेघ ओढली होती. त्या लोकांनी मला छान म्हटलं होतं, फक्त तोंडाने न म्हणता.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. आठवडाभर मी स्वतःला हेच सांगत होते, गप्प बस, फॉर्म भर, जा. आणि मग वाटायचं, चित्र वाईट असेल तर? सगळ्यांनी मिळून एका मुलीवर दया केली असेल, आणि पुण्याला पहिल्याच दिवशी कुणी अनोळखी माणूस ते मला सांगेल, तर? शाळेत बाई काय शिकवत होत्या मला आठवत नाही. मी आईवर उगीच ओरडले, ग्रोसरीत जाऊन आणखी खोडरबर आणलं आणि ते न वापरता चित्र पुन्हा पिशवीत घातलं. पुढच्या शुक्रवारी बाबांना म्हणाले, तुम्ही आजपण आत या. कशाला, ते म्हणाले. या, मी म्हणाले.

सबनीस काकांच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. मी चित्र टेबलावर ठेवलं आणि नियम मोडून बोलले. माझं मराठी तेव्हा असं धडपडत चालायचं.

“लास्ट फ्रायडेला तुम्ही कुणीच काही काढलं नाही. हे तेच पिक्चर आहे, मी काहीपण चेंज नाही केलं. आता खरं काढा.”

काका बिचारे गोरेमोरे झाले. म्हणाले, अगं सई, चांगलंच आहे ते. मी म्हणाले, मग आज कप तुम्ही धुवा. डॉक्टरांना हसू आलं आणि त्यांनी ते रुमालात घातलं. बाबा मागून माझं नाव घेऊन दटावत होते. तेवढ्यात मार्था आंटी खुर्ची पुढे ओढून टेबलाशी बसल्या.

“थांब बाय, मी काढून देते,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी तुझे पप्पा तिथे असे बसले होते, जसे लोक ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसतात. मला पेन्सिल उचलवेना. चुकलंच माझं.”

त्यांनी काढलं. मग डॉक्टरांनी, मग काकांनी, आणि एकदा सुरू झाल्यावर काका थांबेनात. त्यांनी दुसरा कागद घेतला. बाबा उठून टेबलाशी आले. कागदावर कागद चढत गेले, रेघांवर रेघा, आणि खालचं चित्र हळूहळू दुधात बुडाल्यासारखं दिसेनासं झालं. बाबा ते बघत होते आणि मी बाबांकडे बघत होते. माझं पुणं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं, आणि ते मीच घालवत होते. मला रडू येत होतं. पण खरं सांगते, आठवड्यात पहिल्यांदाच छातीत मोकळंही वाटत होतं.

परतताना गाडी रूवीच्या सिग्नलला थांबली. बाबा समोर बघत म्हणाले, “आमच्याकडे ड्रॉइंग कोरं परत आलं ना, तर समजायचं की ते कुणी बघितलंच नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी त्याच दिवशी परत पाठवलं असतं. तुझं होतं म्हणून वाटलं, असेल.”

घरी आल्यावर कपडेही न बदलता त्यांनी डायनिंग टेबलावरची मिठाची बरणी, लोणचं, पाण्याची बाटली सगळं उचलून खाली ठेवलं आणि चित्र मधोमध मांडलं. आई आत मासे तळत होती, तेलाचा आवाज येत होता. बाबांनी पहिला कागद चित्रावर बरोबर बसवला, कोपऱ्याला कोपरा, आणि ऑफिसातल्या आवाजात विचारलं, मान्य की अमान्य? कारण दे. त्यांच्याकडे असंच चालायचं. खूण करणाऱ्याने खूण करायची आणि काढणाऱ्याने उत्तर द्यायचं. काकांनी टेबलाची कड बदलली होती. ती इतकी उतरती झाली होती की मेथी घसरून खाली पडली असती. मान्य, मी म्हणाले. बाबांना ते इतकं पटलं की ते स्वतःच मान वाकडी करून कड तपासू लागले. डॉक्टरांनी आईचा उजवा खांदा वर उचलला होता, दोन्ही खांदे सारखे हवेत म्हणून. अमान्य, मी म्हणाले. कारण? आईचा खांदा खरंच खाली आहे, ट्यूशनच्या वह्यांची पिशवी ती त्याच खांद्यावर घेते. बाबा उठले, स्वयंपाकघराच्या दारातून डोकावले आणि परत येऊन बसले. आहे खाली, म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडं आश्चर्य होतं, इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाचं.

असं आम्ही बराच वेळ करत होतो. मी काही ठिकाणी हरले, काही ठिकाणी तावातावाने भांडले, एकदा टेबलावर हातही आपटला. बाबांना राग आला नाही. शेवटचा कागद राहिला तेव्हा ते मागे टेकले. म्हणाले, फॉर्म भर. मागच्या शुक्रवारी हो म्हटलं ते धरू नकोस, हे आजचं धर. त्यांच्या ऑफिसात नवी पोरं येतात, खूण केली की एकतर तोंड पाडतात नाहीतर सगळंच मान्य करून टाकतात. तू भांडलीस, ते म्हणाले, जमेल तुला. ज्यासाठी महिनाभर तळमळत होते ते हाती आलं होतं, आणि मी उरलेला कागद चित्रावर बसवू लागले.

शेवटचा कागद मार्था आंटींचा होता. त्यांनी आईच्या चेहऱ्याभोवती एक गोल काढला होता. आत काहीच नव्हतं. बाबांनी सवयीने विचारलं, मान्य की अमान्य, आणि मला खरं ते सांगावं लागलं. मेथी निवडताना आईची मान खाली असे, त्यामुळे माझ्या एकाही फोटोत तिचा चेहरा नीट आला नव्हता. म्हणून चेहरा मी तिच्या रेसिडेंट कार्डावरच्या फोटोवरून घेतला होता. हा फोटो माझ्या ओळखीचा आहे, बाबा म्हणाले.

तेवढ्यात आई तळलेल्या तुकड्यांचं ताट घेऊन बाहेर आली. पूर्ण झालं की दाखवू म्हणून मी तिला चित्र दाखवलंच नव्हतं. गटाचे नियम मी घरात कधी लावले नव्हते. मला जाऊ द्यायचं का हे बाबांनी तिला विचारलं नव्हतं आणि मीही नाही. ती ताट हातात धरून चित्राकडे बघत राहिली. मी वाट बघत होते की ती आता छान म्हणेल.

“ही कुणाची तरी आई दिसते,” ती म्हणाली. “एवढंच दिसतं.”

बाबांनी तिच्या हातातलं ताट घेतलं. ती आत गेली, गॅस बंद केला, ओढणीला हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली. मेथी नाही, वह्या नाहीत, हात रिकामे. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“आत्ता बघून घे,” ती म्हणाली. “एकदा तू गेलीस की फोनवर माझं नुसतं कपाळ दिसणार आहे.”

बाबा उरलेले मासे तळायला आत गेले. मी पेन्सिल उचलली, ठेवली. आई सरळ माझ्याकडे बघत होती, हलत नव्हती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं तरी तिने ते पुसलं नाही. नजर आधी मीच खाली वळवली.

“खाली काय बघतेस,” आई म्हणाली, “मी इथे आहे.”